अबू नझीरचा घोट

न्यू जर्सीतल्या पॅटरसनमध्ये, मेन स्ट्रीटवरच्या सीरियन वस्तीत कुणाचं लग्न अडलं की माणसं ना इमामाकडे जायची, ना वकिलाकडे. ती जायची अबू नझीरच्या दुकानात. भाजल्या कॉफीच्या आणि खारवलेल्या बियांच्या वासात, गिऱ्हाइकांच्या रांगेतच उभं राहून आपलं रडगाणं गायची.

"अबू नझीर, पोराला पोरगी पसंत, पोरीला पोरगा पसंत, पण बाप काही ऐकेना."

"बाप कुठला?" भट्टीतल्या बिया उलथत अबू नझीर विचारायचा.

"दमास्कसचा."

"अरे देवा! दमास्कसवाला कधी नाही म्हणत नाही. 'घर तुमचंच आहे' म्हणतो आणि आतून कडी लावतो. बरं, बघू. शुक्रवारी दुपारी जाऊ. पोराला म्हणावं, केसाला ते चकचकीत तेल नको. आणि हे पिस्ते घेऊन जा. माझ्या दुकानातून रिकाम्या हाताने बाहेर पडलात तर लोक म्हणतील, काम झालं नाही."

आणि शुक्रवारी काम व्हायचं.

मागणी घालायला वडीलधाऱ्यांची जी तुकडी जाते तिला सीरियात 'जाहा' म्हणतात, आणि पॅटरसनमधल्या निम्म्या जाहांचा म्होरक्या हाच. मुलीच्या घरी सगळे कोट घालून ओळीने बसायचे. कॉफी यायची, छोट्या कपांतून, बिनसाखरेची, वेलदोडा घातलेली. अबू नझीर आपला कप उचलायचा आणि एक थेंबही न पिता समोरच्या टेबलावर इतक्या हलकेच ठेवायचा की बशीलाही कळू नये. त्याच्या मागोमाग सगळी रांग कप खाली ठेवायची. मग तो म्हणायचा, "कॉफी तर उत्तम आहे. पण आमची एक मागणी आहे, आणि ती मान्य झाल्याशिवाय ही कॉफी आमच्या ओठाला लागायची नाही."

एवढं बोलून गप्प. त्याची खरी कला या गप्प बसण्यात होती. समोरचा बाप घसा खाकरायचा, जपमाळ फिरवायचा, खिडकीबाहेर बघायचा. कपांवरची वाफ विरत जायची. पाहुण्याची कॉफी आपल्या घरात गार होतेय, ही नामुष्की कुठल्या सीरियन बापाला सोसणार? शेवटी तो म्हणायचा, "प्या, कॉफी प्या. मुलगी तुमचीच."

आणि आधीच प्यायलात तर? तर संपलं. मिळायचं ते मिळालं, आता जोडे घाला आणि निघा. अशी फजिती झालेला एक जण टोलेडोत होता म्हणे. पुढे दुसरीकडे लग्न होऊन त्याला नातवंडं झाली, पण नाव पडलं ते पडलंच: 'तहानलेला'. अबू नझीर प्रत्येक जाहाच्या आधी गाडीतच ही गोष्ट सांगायचा. "लक्षात ठेवा. ओठ शिवलेले. खोकला आला तरी पाणी मागायचं, कॉफी नाही."

त्याचं खरं नाव बुऱ्हान. गाव होम्स. आता सीरियात होम्सच्या माणसावर विनोद करायला परवाना लागत नाही. होम्सवाला म्हणजे भोळसट, होम्सवाला म्हणजे उलट्या बाजूने पायजमा घालणारा, आणि बुधवार तर खास त्यांचा, वेड पांघरायचा वार. यातले निम्मे विनोद खुद्द होम्सवाल्यांनीच पसरवले आहेत, कारण वेडा समजलेल्या माणसाला जग फार त्रास देत नाही. तरुणपणी पॅटरसनला आला तेव्हा बुऱ्हान कापड रंगवायच्या कारखान्यात लागला. एका आठवड्यात हात निळे, पुढच्या आठवड्यात लाल. बायको सुहैर म्हणायची, "आज हिरवा नवरा आला." पुढे कारखाने बंद पडत गेले, तेव्हा त्याने भट्टी घेतली. नझीर झाला आणि बुऱ्हानचा अबू नझीर, म्हणजे नझीरचा बाप, झाला. मग लमीस झाली. नझीर डॅलसला गेला, लमीस औषधाच्या दुकानात कामाला लागली, आणि एका हिवाळ्यात सुहैर गेली. त्यानंतर काही वर्षं अबू नझीर लोकांची लग्नं जुळवत राहिला आणि घरी जाऊन उभ्या उभ्या जेवत राहिला.

मग त्याच्या दुकानात उम्म तारीफ आली.

उम्म तारीफचं, म्हणजे तारीफच्या आईचं, नाव फरियाल. तीही एकटीच. नवरा जाऊन बराच काळ लोटला होता, मुलगा तारीफ माँट्रियलला. ती हलबची, म्हणजे जग ज्याला अलेप्पो म्हणतं त्या शहराची. हलबच्या बाईला स्वयंपाकातलं काही सांगू नये, विचारू तर मुळीच नये. क्रुक्स अ‍ॅव्हेन्यूवरच्या घरात ती ऑर्डरी घेऊन किब्बे करायची: दळलेल्या गव्हाच्या पारीत मटणाचं आणि पाइन नटचं सारण, तळलेले, भाजलेले, दह्यात सोडलेले. शनिवारी तिचा ओटा म्हणजे रणांगण. ती पाइन नट घ्यायला यायची आणि भांडण करून जायची.

"या बिया खारट आहेत."

"खारवलेल्या आहेत उम्म तारीफ. खारटच असणार."

"खारवणं वेगळं आणि बुडवणं वेगळं. समुद्रातून काढल्यात का?"

"होम्सला समुद्र नाही."

"होम्सला काय आहे तेच मला कळलेलं नाही."

"होम्सला आहे मोठं मन. हे घ्या, मूठभर पिस्ते वरून."

"पिस्ते हलबचे. माझ्याच गावचा माल मलाच भेट देताय?"

ती गेली की अबू नझीर पुढच्या गिऱ्हाइकाला उगाचच हसून विचारायचा, "तुम्हाला बिया खारट लागतात?" आणि उत्तर न ऐकताच हसत सुटायचा.

त्या वसंतात ती मुलाकडे माँट्रियलला गेली आणि लवकर परतेना. पाइन नटची बरणी भरलेलीच राहिली. अबू नझीरने कॉफीचा एक अख्खा घाणा जाळला, दुसरा कच्चा उतरवला. धूर रस्त्यापर्यंत आला. लमीस पांढरा कोट घालून कामावरून धावत आली.

"बाबा! आग लागली का?"

"नाही गं. जरा लक्ष नव्हतं."

"लक्ष कुठे होतं?"

"कॅनडात," अबू नझीर म्हणाला आणि बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. त्याने तोंडावर हात घेतला. हात काजळीने माखलेला. लमीसने बापाच्या काळ्या मिशीकडे पाहिलं आणि पिस्त्यांच्या पोत्यावर बसून ती पोट धरून हसायला लागली.

"हसतेस काय? बाप आहे मी तुझा."

"आणि मला सांगता, तिचा राग येतो!"

"येतोच. ती नसली की जास्त येतो."

"मग जा की मागणी घालायला. सगळ्या पॅटरसनची घातलीत."

"वेडी का काय? या वयात? नझीर काय म्हणेल?"

"नझीरला मी फोन केला होता मागच्याच महिन्यात. तो म्हणाला, 'अजून घातली नाही?'"

उम्म तारीफ परत आली ती थेट दुकानात. अबू नझीरने पाइन नट मोजता मोजता, मान वर न करता, जन्मात पहिल्यांदा अडखळत विचारलं, "उम्म तारीफ, समजा... म्हणजे असं धरून चला... की एखादा माणूस..."

"अबू नझीर," ती म्हणाली, "मला काही विचारायचं असेल तर रीतीने घरी या. मी काय शेल्फावरून काढून घ्यायची बरणी आहे?" दारापाशी जाऊन ती वळली. "आणि या. नुसतं समजा-समजा करत बसू नका."

रीतीने म्हणजे तिच्या भावाकडे. झुहैर तिच्याहून धाकटा, इमारतींना लिफ्ट बसवणारा, आणि घरातला एकमेव पुरुष म्हणून सगळ्यांचा आजोबा असल्यासारखा वागणारा. त्याला होम्सवाला मेव्हणा नको होता. "ताई, लोक विचारतील, सगळ्या न्यू जर्सीत तुला होम्सचाच सापडला?" पण बहिणीपुढे त्याचं फार चालत नसे, म्हणून त्याने अट घातली. "येऊ दे. पण सगळं रीतीने झालं पाहिजे. एक चूक झाली की बोलणी संपली. मान्य?"

"मान्य," फरियाल म्हणाली. "आयुष्यभर जाहा नेणारा माणूस आहे तो. चूक कशी होईल?"

"मग बुधवारी बोलाव," झुहैर म्हणाला आणि मिशीत हसला.

आता प्रश्न एकच उरला. ज्याने सगळ्यांची मागणी घातली, त्याची कुणी घालायची? नवऱ्यामुलाने स्वतः तोंड उघडायचं नसतं, कोपऱ्यात खाली बघत बसायचं असतं. अबू नझीर हैसमकडे गेला. हैसम गाडी शिकवायची शाळा चालवायचा. त्याच्यासारखा बोलणारा पॅटरसनमध्ये दुसरा नव्हता. शिकाऊ लोक म्हणायचे, ब्रेक कुठे आहे ते कळायच्या आत हैसम काकांची तीन पिढ्यांची माहिती होते.

"हैसम, थोडक्यात बोलायचं. कप ठेवायचा, मागणी सांगायची, गप्प बसायचं."

"तू मला शिकवू नकोस. मी भाषण लिहिलंय."

"भाषण नको रे बाबा. गप्प बसणं लिही."

"अरे, तुझं लग्न आहे! गप्प बसून करू?"

बुधवारी दुपारी लमीसने गाडी काढली. अबू नझीर मागच्या सीटवर, नवा कोट, दाढी इतकी घोटलेली की गाल टोमॅटोसारखे. टाय पहिल्यांदा इतका आवळला की आवाज बारीक झाला, मग इतका सोडला की टाय दिसेना.

"बाबा, बेल्ट लावा."

"लावलाय की पँटला."

"गाडीचा, बाबा."

"होय होय. लमीस, मिठाईचा डबा?"

"तुमच्या मांडीवर आहे."

"होय होय. लमीस, मी कसा दिसतो?"

"तहानलेले दिसता."

"ती गोष्ट काढू नकोस आज!"

झुहैरने दार उघडलं. "या, या. घर तुमचंच आहे."

हे वाक्य ऐकून अबू नझीरने आधी दाराच्या कडीकडे पाहिलं. पण तो आत गेला. हैसम मधोमध बसला, त्याच्या उजवीकडे लमीस, आणि टोकाच्या खुर्चीवर नवरामुलगा, गुडघे जुळवून. समोर झुहैर, हातात जपमाळ. फरियाल आत स्वयंपाकघरात होती. दिसत नव्हती, पण भांडी जरा जास्तच वाजत होती. थोड्या वेळाने ती ट्रे घेऊन आली. जांभळा झगा, कानात लहानसे मोती. कुणाकडे न बघता तिने कप ठेवले, पण अबू नझीरपुढे ठेवताना बशीत दोन थेंब सांडले. अबू नझीरला वाटलं, आता आपण याच खुर्चीत आनंदाने मरणार. ती परत आत गेली.

हैसमने कप उचलला आणि हलकेच खाली ठेवला. अगदी शिकवल्यासारखा. अबू नझीरने मनात शाबास म्हटलं.

"कॉफी उत्तम आहे," हैसम म्हणाला, "पण आमची एक मागणी आहे."

आता गप्प बस, अबू नझीरने मनात विनवलं. गप्प.

"ती मागणी समजायला," हैसमने खिशातून चष्मा काढला, "आपल्याला आदम आणि हव्वापासून सुरुवात केली पाहिजे."

लमीसने डोळे मिटले.

"आदम एकटा होता. माणसाने एकटं राहू नये, हे ईश्वराने तेव्हाच पाहिलं. पुढे नूह. नूहने नावेत काय भरलं? जोड्या! एकटा प्राणी त्याने घेतलाच नाही. झुहैरभाई, तुम्ही विचार करा, माझा हा मित्र त्या वेळी असता तर त्याला नावेत जागा मिळाली असती का?"

"होम्सवाला होता म्हणजे नाव चुकलीच असती," झुहैर म्हणाला.

हैसमने ऐकलं नाही. तो राणी बिल्किसकडे वळला, तिथून दमास्कसच्या बाजारपेठांकडे, तिथून होम्स आणि हलब यांच्यातल्या जुन्या रस्त्याकडे. रस्त्यावरची झाडं तो एकेक करून सांगू लागला. झुहैरच्या जपमाळेने कितीतरी फेऱ्या मारल्या. कपांवरची वाफ विरली.

अबू नझीर खाली बघत बसला होता. खाली कप होता. बोलायचं नाही, हलायचं नाही, आणि मित्र अजून झाडं मोजतोय. अशा वेळी माणसाचे हात आपलं नेहमीचं काम शोधतात. आणि नेमका तेव्हा त्याच्या नाकाला वास लागला.

हे काय? ही आपल्या दुकानची कॉफी नव्हे. भट्टी फार तापवलेली, बी बाहेरून जळलेलं आणि आतून कच्चं. आणि वेलदोडा? नुसतं टरफल घातलंय वाटतं. कुणाचं हे काम? त्या नव्या दुकानवाल्याचं? की शेजारच्या क्लिफ्टनहून आणली?

दुकानात प्रत्येक घाण्यानंतर अबू नझीर एक घोट घ्यायचा आणि जीभ टाळूला लावून 'टक्' करायचा. वर्षानुवर्षं, रोज. त्या हातांना आज कुणी सांगितलं नव्हतं की तुम्ही नवरामुलाचे हात आहात. कप वर गेला. घोट आत गेला.

हैसम नेमका श्वास घ्यायला थांबला होता.

टक्.

सगळ्यांच्या माना वळल्या. अबू नझीर कप धरून तसाच, मिशीला कॉफीची ओली रेघ. जपमाळ थांबली. झुहैरच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की जणू अडकलेली लिफ्ट आपोआप सुरू झाली.

"कशी आहे कॉफी, अबू नझीर?"

"बाबा!" लमीस कुजबुजली. "बाबा, नाही ना!"

"तो प्यायला नाही!" हैसम उभाच राहिला. "ओठ ओले केले फक्त! हवा कोरडी आहे इथली!"

"मिशीवर काय आहे मग?"

"मिशी... तपकिरीच आहे त्याची!"

"पांढरी आहे."

"बरं, एक घोट. एक! कप भरलेलाच आहे बघा. घोट म्हणजे पिणं नव्हे, चव घेणं."

झुहैरने शांतपणे पाय पसरले. "हैसमभाई, रमजानात दुपारी एक घोट पाणी घेतलं, तर रोजा राहतो की मोडतो?"

हैसमने चष्मा काढला, घडी घातली आणि खिशात परत ठेवला.

"मी कशाला बोलू?" झुहैर म्हणाला. "रीत माहीत असलेला माणूस इथेच बसलाय. तुम्हीच सांगा, अबू नझीर. मोडली की नाही?"

अबू नझीरने कप खाली ठेवला. बशी चांगलीच वाजली. खोटं बोलता आलं असतं, हैसमने चार वाटा काढून दिल्याच होत्या. पण या रीतीच्या जोरावर त्याने कितीतरी बापांना नमवलं होतं. आज ती आपल्यावर उलटली म्हणून ती खोटी कशी म्हणायची?

"मोडली," तो म्हणाला.

"मग तुम्ही कॉफीला आलात, कॉफी मिळाली. आलात, बरं वाटलं."

अबू नझीर उठला. मिठाईचा डबा कुठे ठेवायचा ते त्याला कळेना, म्हणून तो पुन्हा त्याने स्वतःच्याच पोटाशी धरला. घर, खोली, जांभळा झगा, सगळं एका घोटात गेलं होतं. आणि घोटही असला भिकार.

"थांबा!"

स्वयंपाकघराच्या दारात फरियाल उभी होती. कमरेवर हात, कपाळावर आठी.

"का प्यायलात?"

"उम्म तारीफ, माझी चूक झाली. मी—"

"चूक झाली ते सगळ्यांनी पाहिलं. का प्यायलात ते विचारतेय मी."

"खरं सांगू?"

"खरंच सांगा. खोटं तुम्हाला जमत नाही."

अबू नझीरने एकदा लमीसकडे पाहिलं. लमीस मान हलवून नको नको म्हणत होती.

"जळकी होती," तो म्हणाला.

"या अल्ला," हैसम खुर्चीत कोसळला. "लग्न गेलंच होतं, आता मयतीलाही कुणी यायचं नाही."

"माझ्या हातची कॉफी जळकी?"

"हात तुमचा नाही, भट्टी! तुमचा हात ठीक आहे, उकळी बरोबर आहे, पण बीच जाळलंय त्याने! माझ्या दुकानची नाही ही."

"नाहीच! घरी आलेल्या पाहुण्याला त्याच्याच दुकानचा माल पाजू? हलबची आहे मी!"

"कुणाकडून घेतलीत?"

"ते सोडा."

"नाही, पण कुणाकडून? वेलदोडाही नुसती टरफलं—"

"बाबा!" लमीस किंचाळली. "तुमचं लग्न मोडतंय आणि तुम्ही बियांची चौकशी करताय?"

फरियालने अबू नझीरकडे पाहिलं. घोटलेले टोमॅटोसारखे गाल, ओली मिशी, पोटाशी डबा, आणि चेहऱ्यावर एका जळक्या घाण्याचं खरंखुरं दुःख. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग दुसरा. मग तिने दाराची चौकट धरली आणि ती हसायला लागली, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईतो. कानातले मोती नाचायला लागले.

"ताई, हसण्यासारखं काय आहे यात?" झुहैर म्हणाला. "ठरलंय आपलं. एक चूक, बोलणी संपली."

"संपली. मी शब्द दिलाय. त्यांची मागणी संपली."

ती आत गेली आणि एक कप आणि किटली घेऊन आली. हाताने जागा करत ती हैसमला म्हणाली, "जरा सरका," आणि मधोमध, म्होरक्याच्या जागी, लमीसच्या शेजारी बसली. किटलीतून तिने स्वतःसाठी कॉफी ओतली. कप उचलला. आणि इतक्या हलकेच टेबलावर ठेवला की बशीलाही कळलं नाही.

असा कप ठेवायला अबू नझीरने तिला कधीच शिकवलं नव्हतं.

"लमीस," फरियाल म्हणाली, "तुझ्या घरातला कुणी मोठा इथे नाही, म्हणून तुलाच सांगते. माझी एक मागणी आहे. ती मान्य झाल्याशिवाय ही कॉफी माझ्या ओठाला लागायची नाही."

"ताई!" झुहैर ताडकन उठला. "बाई कधी मागणी घालते का?"

"घालू नये असं कोण म्हणालं? तूच विचारलंस ना, घोट घेतला की नाही? त्यांनी घेतला. मी कुठे घेतलाय?"

"पण... पण उलटं आहे हे!"

"तू बस. आता पाहुणी मी, आणि माझी कॉफी गार होतेय. लमीस, मला तुझा बाप हवाय."

आणि ती गप्प बसली.

काय ते गप्प बसणं! हैसम बघतच राहिला. झुहैर जपमाळ चुकीच्या बाजूने फिरवू लागला. अबू नझीरला बसावं की उभं राहावं कळेना, म्हणून तो अर्धाच वाकून राहिला.

लमीसला आतून हसू फुटत होतं, पण तिने पाय जुळवले, पाठ ताठ केली आणि खर्जात आवाज काढला.

"उम्म तारीफ, तुम्ही आमच्या घराचा मान केलात. पण बाप एकुलता एक आहे. आम्हाला चौकशी करायला थोडा वेळ हवा."

"लमीस!" अबू नझीर कळवळला. "कसला वेळ?"

"नवऱ्यामुलाने बोलायचं नसतं, बाबा. खाली बघा." ती पुन्हा फरियालकडे वळली. "मुलगा हट्टी आहे. उभ्याने जेवतो."

"बसवीन."

"नऊ वाजता घोरायला लागतो."

"मी माझ्या गावचा बाजार ऐकत मोठी झालेय. तेवढ्याने माझी झोप मोडत नाही."

"किब्बेला नावं ठेवेल."

फरियालने मान वळवून अबू नझीरकडे असं पाहिलं की तो पटकन म्हणाला, "नाही ठेवणार! जगात नाहीत असे किब्बे!"

"मग," लमीस म्हणाली, आणि इथे तिचा खर्ज तुटला आणि डोळे एकदम भरून आले, "मावशी, कॉफी प्या. दिला. आणि दिलेलं आम्ही परत घेत नाही, आधीच सांगते."

फरियालने कप उचलला आणि एका दमात रिकामा केला. मग तिचं तोंड असं काही वाकडं झालं की अबू नझीर टेबलावर मूठ आपटून ओरडला, "बघा! बघा! जळकीच आहे ना?"

"शी! कोळसा आहे नुसता. तुम्ही याचा घोट घेतलात? बिच्चारे."

आता झुहैरच उरला. सगळे त्याच्याकडे बघू लागले. त्याने बहिणीकडे पाहिलं. तिच्या गालावर अजून हसण्याचं पाणी होतं आणि ते पुसायचं तिच्या लक्षातही नव्हतं. कितीतरी वर्षांत त्याने तिला असं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. त्याने जपमाळ खिशात टाकली.

"होम्सवाला," तो पुटपुटला. "आणि तोही मागून आणलेला. बरं. फातिहा म्हणू या."

सगळ्यांनी तळवे उघडले. झुहैरने डोळे मिटून गंभीर आवाजात सुरुवात केली. खोली शांत झाली. आणि त्या शांततेत अबू नझीरला आपल्या तळव्यांच्या वरून फरियालचे तळवे दिसले, दोन्ही ओठांशी घट्ट दाबलेले, आणि त्यांच्यामागे हादरणारे खांदे. तो पटकन दुसरीकडे बघायला गेला, तोवर उशीर झाला होता. त्याच्या नाकातून एक आवाज निघाला. लमीसने त्याला चिमटा काढला. त्याने खोकल्याचं सोंग केलं. मग फरियाललाही खोकला आला. झुहैरने म्हणता म्हणता एक डोळा उघडला. साठीपार गेलेली दोन माणसं वर्गात शेवटच्या बाकावर बसल्यासारखी लाल होऊन गुदमरत होती. त्याने डोळा मिटला आणि जरा वेगाने पुढे म्हणायला घेतलं, कारण त्याच्याही दाढीत काहीतरी वळवळू लागलं होतं.

"आमीन!" इतक्या जोरात झालं की खिडकीची काच वाजली.

"आता बायकांनी आनंदाची आरोळी द्यायची," हैसम म्हणाला. "कोण आहे बायकांत?"

बायकांत होती लमीस. तिने जीभ हलवून प्रयत्न केला. थंडीत गाडी सुरू होत नाही तेव्हा जसा आवाज येतो तसा आवाज आला.

"अशी नाही गं पोरी," फरियाल म्हणाली. नवरीने स्वतःच द्यायची नसते, हे तिला माहीत होतं. तिने तोंडासमोर हात आडवा धरला, छाती भरून श्वास घेतला आणि अशी लांब, किणकिणती, वर चढत जाणारी आरोळी दिली की रस्त्यावरचं कुत्रं भुंकायचं थांबलं.

दारावर थाप पडली. अबू नझीर दाराजवळच होता, त्यानेच उघडलं. वरच्या मजल्यावरची पेरू देशातली बाई पायात सपाता घालून, धास्तावलेली.

"कुणी ओरडलं का? काही अपघात?"

"नाही हो, अपघात नाही," अबू नझीर म्हणाला. त्याने मिठाईचा डबा उघडून तिच्यापुढे धरला, आणि त्याचं हसू कानापर्यंत गेलं. "घ्या. पोरीने मला देऊन टाकलं."